बाबांसाठी नॅनो फवारा घ्यावा का?

प्रश्न : डॉक्टर, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांना सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार) आहे, दोन पंप चालू आहेत. गेल्या दोन वर्षांत साध्या सर्दीचं निमित्त होऊन तीनदा त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. सर्दी दर वेळी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाकडून आली. परवा माझ्या दिरांनी एक बातमी पाठवली. नाकातल्या कफाला चिकटून राहणारे नॅनोकण विषाणूला आत शिरण्याआधीच पकडतात, लागण झाल्यावर औषध म्हणूनही चालतात, असं त्यात होतं. त्याच्याच खाली ‘नॅनो’ असं ठळक लिहिलेल्या एका फवाऱ्याची जाहिरात होती. बाबांना आता सुया नकोशा झाल्या आहेत. ते म्हणतात, हा फवारा मागव, यंदाची फ्लूची लस राहू दे. मागवू का? आणि अजून एक. मुलाला आजोबांजवळ बसू द्यायचं की नाही, यावरून घरात रोज कुणी ना कुणी रडतं. त्याचंही सांगा.

उत्तर : ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. फवाऱ्याच्या भरवशावर बाबांची लस टाळू नका. जाहिरातीतली बाटली मागवायची घाई करू नका. पण दिरांनी पाठवलेली बातमी खोटी आहे असंही समजू नका. त्यामागचं संशोधन खरं आहे, बरीच वर्षं चाललेलं आहे, आणि तुमच्या बाबांसारखे रुग्ण रोज बघणाऱ्या मला त्याच्याकडून मनापासून आशा आहे. गफलत होते ती बातमी आणि बाटली यांच्यामधल्या अंतरात. ते अंतर तुम्हाला नीट दिसावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात शेंबडापासूनच करायला हवी. आपण त्याला घाण समजतो, शिंकरून टाकतो आणि विसरतो. पण नाकापासून फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांपर्यंत या स्रावाचा पातळ थर कायम पसरलेला असतो, सर्दी नसतानाही. निरोगी माणसात त्यातलं सुमारे ९७ टक्के नुसतं पाणी असतं. उरलेल्या थोडक्या भागात क्षार, प्रथिनं आणि म्युसिन नावाचे लांबलचक रेणू असतात. चिकटपणा येतो तो या म्युसिनमुळे. बाटली धुवायचा ब्रश डोळ्यांसमोर आणा : मधे प्रथिनाची तार आणि तिच्याभोवती साखरेच्या साखळ्यांचे केस. त्यातल्या बऱ्याच केसांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं, त्यामुळे अख्ख्या ब्रशवर ऋण विद्युतभार येतो. असे असंख्य ब्रश एकमेकांत गुंतून एक ओलं जाळं तयार होतं. धूळ, जंतू, परागकण, जे काही श्वासाबरोबर येतं ते आधी या जाळ्यावर आपटतं.

आणि हे जाळं एका जागी थांबत नाही. त्याच्याखाली पेशींवर सिलिया म्हणजे अतिसूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला १०-१५ वेळा एका लयीत हलतात आणि वरचा थर पुढे सरकवत राहतात. नाकातला थर मागे घशाकडे येतो, छातीतला वर घशाकडे येतो, आणि तिथून आपण तो नकळत गिळतो. विद्यार्थी असताना आम्ही हे एकमेकांवर करून पाहिलं होतं. नाकपुडीत थोडं आत सॅकरिनचा अगदी बारीक कण ठेवायचा. शिंकरायचं नाही, हुंगायचं नाही, मान सरळ ठेवून बसायचं आणि दर अर्ध्या मिनिटाला आवंढा गिळायचा. मी घड्याळाच्या काट्याकडे बघत बसले होते. ११व्या मिनिटाला घशात मागे एकदम गोड चव आली. माझ्या शेजारच्या मैत्रिणीची सर्दी नुकतीच बरी झाली होती. तिला २५ मिनिटं झाली तरी काहीच लागेना. एक सर्दी नाकातल्या त्या सरकत्या पट्ट्याचं काय करून ठेवते हे मला त्या दिवशी जे समजलं, ते पुस्तक वाचून समजलं नव्हतं.

पुढचं सगळं या सरकत्या पट्ट्यावर अवलंबून आहे. नाकात मारलेलं कुठलंही साधं औषध १५-२० मिनिटांत बरंचसं पोटात गेलेलं असतं. विषाणू मात्र दिवसभरात कधीही येऊ शकतो. मग शास्त्रज्ञांनी विचार केला : औषधाचा कणच असा बनवला, की तो त्या थराला धरून बसेल आणि तासन्‌तास टिकेल, तर? तुमच्या दिरांच्या बातमीतले कण ते हेच.

त्यांचं माप आधी सांगते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. फ्लूचा किंवा कोविडचा विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा असतो, आणि हे कणही बरेचदा १०० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे जवळपास त्याच्याच मापाचे असतात. चिकटण्याच्या युक्त्या वेगवेगळ्या आहेत. सगळ्यात जुनी आणि जास्त वापरलेली म्हणजे कायटोसान. कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून ते तयार करतात. त्याच्यावर धन भार असतो, म्युसिनवर ऋण, त्यामुळे दोघं एकमेकांना धरतात. दुसरी युक्ती अधिक घट्ट आहे. म्युसिनमध्ये गंधकाचे दुवे असतात. कणावरही गंधकाचे गट बसवले की दोघांमध्ये पक्का रासायनिक बंध जुळतो. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला आंद्रेआस बेर्नकोप-श्न्युर्ख यांनी अशा पदार्थांवर आयुष्यभराचं म्हणावं इतकं काम केलं आहे. काही कण तर नुसत्याच लांब लवचिक साखळ्यांचे असतात. ओला गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो तशा त्या साखळ्या जाळ्यात शिरून गुंततात.

चिकटल्यावर कणाने काय करायचं? इथे मला हा विषय फार आवडतो, म्हणून थोडी रेंगाळते.

फ्लूचा विषाणू पेशीत शिरताना तिच्यावरच्या सियालिक आम्लाला धरतो. आत्ता म्हटलं, हे आम्ल म्युसिनच्या ब्रशवरही असतं. म्हणजे आपला कफ मुळातच एक चकवा आहे : विषाणूला पेशी म्हणून जे धरायला मिळतं तो प्रत्यक्षात शेंबूड असतो, आणि तो शेंबूड पोटाच्या दिशेने निघालेला असतो. पण विषाणूही तयारीनिशी येतो. त्याच्याजवळ न्युरामिनिडेज नावाची कात्री असते. तो बंध कापत कापत जाळ्यातून पुढे सरकतो. ऑसेल्टामिवीर आणि झानामिवीर ही १९९९ मध्ये मान्यता मिळालेली औषधं हीच कात्री बोथट करतात. नॅनोकणवाल्यांचा प्रयत्न असा, की निसर्गाचा हा चकवा अधिक दाट करायचा. २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या लिआंगफांग झांग यांच्या गटाने नॅनोकणांवर फुफ्फुसाच्या पेशींचं आवरण चढवलं. कोविडच्या विषाणूला त्या कणावर आपल्या ओळखीची सगळी कुलुपं दिसतात, तो तिथेच चिकटतो आणि खऱ्या पेशीपर्यंत पोचत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर हे उत्तम चाललं.

दुसरा एक मार्ग मला त्याहून सुंदर वाटतो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले सॅम्युएल लाय यांनी दाखवलं की प्रतिपिंडाची (म्हणजे जंतूला धरणाऱ्या, शरीरानेच बनवलेल्या प्रथिनाची, अँटिबॉडीची) शेपटी म्युसिनला हलकेच धरू शकते. एक प्रतिपिंड एकटं असताना पकड इतकी सैल, की ते जाळ्यात मोकळं फिरतं. पण एका विषाणूवर अशी बरीच प्रतिपिंडं बसली की सगळ्या सैल पकडी मिळून विषाणू जागीच जखडतो. मग त्याला मारायचीही गरज उरत नाही. सरकता पट्टा त्याला घेऊन जातो. इथे पट्टा अडचण न राहता मदतनीस होतो.

आता बाबांकडे येऊ, कारण इथेच बातमीतली दोन वाक्यं वेगळी करावी लागतात. ‘विषाणूला आधीच पकडतात’ हे एक, आणि ‘लागण झाल्यावर औषध म्हणून चालतात’ हे दुसरं. जाहिरातीत ती शेजारी शेजारी बसतात, शरीरात बसत नाहीत. विषाणूला दारातच अडवायचं तर नाकाच्या थराला चिकटणारा कण ठीक आहे. पण बाबांची लागण छातीत उतरलेली असते. सीओपीडीमध्ये कफ घट्ट होतो, पाणी कमी आणि म्युसिन जास्त. श्वासनलिकांच्या अशा आजारांत कफातला घन भाग नेहमीच्या ३ टक्क्यांवरून १५ टक्क्यांपर्यंतही चढू शकतो. सिलिया दमलेल्या किंवा झडलेल्या असतात, पट्टा जागोजागी अडकलेला असतो. अशा कफाला चिकटणारा कण त्या कफातच रुतून बसेल. ज्या पेशींमध्ये विषाणू वाढतोय त्या खाली, त्याच्या आवाक्याबाहेर.

त्यासाठी उलटा कण लागतो, न चिकटणारा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जस्टिन हेन्स यांच्या गटाने २००७ मध्ये हे मोठ्या नेटकेपणाने दाखवलं. कणांवर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा दाट लेप दिला, तर २०० आणि ५०० नॅनोमीटरचे कणही मानवी म्युकसमधून (म्हणजे अशाच चिकट स्रावातून) भराभर पार गेले. लेप नसलेले तेवढेच कण जागच्या जागी अडकले. त्याआधी इतका मोठा कण त्या जाळ्यातून जाईल असं बहुतेकांना वाटत नव्हतं. म्हणून कुणी तुम्हाला ‘एकच कण, प्रतिबंधही आणि उपचारही’ असं सांगितलं तर विचारा : चिकटणारा की निसटणारा? दोन्हीचा मेळ घालायचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत, पण दोन्ही गुण मुळात एकमेकांविरुद्ध ओढतात.

‘नॅनो’ या शब्दाबद्दल एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. फवारा दाबल्यावर नाकात काय जातं? सुटे नॅनोकण जात नाहीत, ते ज्यात मिसळलेत त्या पाण्याचे थेंब जातात. नाकाच्या फवाऱ्यातले थेंब बहुतेक ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे असतात, आणि एवढे थेंब नाकातच आपटून थांबतात. फुफ्फुसाच्या आत पोचायला थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. तेवढे बारीक थेंब बाबांच्या पंपातून किंवा नेब्युलायझरमधून निघतात. म्हणजे कण कितीही लहान असो, तो कुठे उतरणार हे त्याला नेणारा थेंब ठरवतो. नाकाचा फवारा छातीतल्या आजारावर चालतो असा दावा दिसला की तिथेच थांबा.

मग माणसांवर काय सिद्ध झालं आहे? विषाणूंविरुद्धच्या, कफाला चिकटणाऱ्या नॅनोकणांबाबतचं बहुतेक काम अजून पेशींवर, उंदरांवर आणि फेरेट या मुंगसासारख्या छोट्या प्राण्यावर झालेलं आहे. नाकात अडसर उभा करण्याच्या कल्पनेचं ताजं आणि गाजलेलं उदाहरण २०२४चं. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये नितीन जोशी आणि जेफ्री कार्प यांच्या गटाने नाकात गेल्यावर जेल होणारा, औषधविरहित फवारा बनवला. त्यातले घटक नेहमीच्याच औषधांत आधीपासून वापरले जाणारे आहेत. प्राणघातक मात्रेच्या २५ पट फ्लूचा विषाणू दिला तरी एका फवाऱ्याने उंदीर वाचले. मानवी नाकाच्या त्रिमितीय छापील प्रतिकृतीतही थेंब चांगले अडकले. मला हे वाचून आनंद झाला. पण उंदराचं नाक आपल्या नाकासारखं नाही. त्यात वळणं वेगळी, पृष्ठभाग वेगळा, आणि उंदीर तोंडाने श्वास घेत नाही. बाबा घेतात, धाप लागली की तर हमखास. तोंडातून आत गेलेल्या विषाणूला नाकातला कुठलाही कण भेटत नाही.

साध्या फवाऱ्यांवर मात्र माणसांमधल्या चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांचे निकाल तुमच्या उपयोगाचे आहेत. अर्जेंटिनात सुमारे ४०० आरोग्य कर्मचाऱ्यांवर लाल सागरी शेवाळापासून मिळणाऱ्या आयोटा-कॅराजीननचा फवारा तपासला. फवारा घेणाऱ्यांत कोविड १ टक्के जणांना झाला, नुसता प्रभावहीन फवारा घेणाऱ्यांत ५ टक्क्यांना. जर्मनीत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५० जण होते. ॲलर्जीसाठी वापरला जाणारा ॲझेलास्टिनचा फवारा दिवसातून तीनदा, जवळपास दोन महिने घेतला. कोविडची लागण हा फवारा घेणाऱ्यांत २.२ टक्के आणि प्रभावहीन फवारा घेणाऱ्यांत ६.७ टक्के अशी निघाली. दोन्ही चाचण्या लहान आहेत आणि त्यांतली माणसं बाबांपेक्षा धडधाकट होती, हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात मोठी चाचणी ब्रिटनमधली, २०२४ची, तब्बल १३,७९९ प्रौढांची. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिच्यात बाबांसारखी माणसं होती : फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेली, किंवा वर्षात पुनःपुन्हा सर्दी-खोकला होणारी. एका गटाला जेलसारखा चिकट फवारा दिला, एकाला साध्या मिठाच्या पाण्याचा, एकाला व्यायाम आणि ताण कमी करण्याचं मार्गदर्शन, एकाला नेहमीचेच उपचार. सर्दीची पहिली चाहूल लागली किंवा आजारी माणसाशी संपर्क आला की फवारा सुरू करायचा, दिवसातून सहा वेळांपर्यंत. सहा महिन्यांत नेहमीचे उपचार घेणारे सरासरी ८.२ दिवस आजारी होते, जेलवाले ६.५ दिवस आणि मिठाच्या पाण्याचे ६.४ दिवस. प्रतिजैविकंही दोन्ही फवाऱ्यांच्या गटांत कमी लागली. डोकं किंवा सायनस दुखण्याची तक्रार जेलच्या गटात जास्त होती.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा, ताई. महागडा चिकट पदार्थ आणि मिठाचं पाणी शेजारी शेजारी आले. चिकटपणाची कल्पना त्यामुळे चुकीची ठरत नाही. पण माणसांमध्ये तिने साध्या उपायाला मागे टाकलंय हे अजून दाखवायचं आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

नाकाबाबत मी इतकी सावध का, तेही सांगते. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या चेतापेशी जवळजवळ उघड्या असतात, आणि चेहऱ्याच्या नसाही फार दूर नसतात. २०००-०१च्या हंगामात स्वित्झर्लंडमध्ये नाकातून देण्याची एक फ्लूची लस आली. तिची ताकद वाढवायला जिवाणूच्या विषाचा अंश वापरला होता. ती घेतलेल्यांमध्ये चेहऱ्याचा एका बाजूचा लकवा वाढलेला दिसला आणि लस मागे घेतली गेली. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला नाकात घालायच्या जस्तयुक्त सर्दीच्या उत्पादनांबद्दल इशारा द्यावा लागला, कारण लोकांचा वास जात होता, काहींचा कायमचा. ही दोन्ही उत्पादनं नॅनोकणांची नव्हती. पण जो पदार्थ नाकात तासन्‌तास मुक्काम करणार, त्याच्याबद्दल हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. धन भाराचे कण जास्त मात्रेत पेशींच्या आवरणाला इजा करू शकतात. आणि रोज, महिनोन्‌महिने वापरल्यावर सिलियांचं काय होतं, हे तपासल्याशिवाय मी कुणाच्या बाबांना असा फवारा लिहून देणार नाही.

छातीत नेण्याच्या औषधांची गोष्ट वेगळी, पण सावधपणा तोच. श्वासावाटे घ्यायचं, चरबीच्या नॅनोपिशव्यांमध्ये भरलेलं अमिकासिन हे प्रतिजैविक २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. म्हणजे हे तंत्र प्रत्यक्षात उतरू शकतं, हे सिद्ध आहे. ते औषध विषाणूवरचं नाही, एका चिवट जिवाणूवरचं आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकावर श्वासनलिका आकसण्याचा ठळक इशारा आहे. मघाचं झानामिवीर ओढायच्या भुकटीच्या रूपात असतं, आणि दमा किंवा सीओपीडी असलेल्यांना त्याच कारणासाठी ते देत नाहीत. थेट छातीत गेलेलं औषध जास्त सौम्य असतं, ही समजूत बाबांच्या बाबतीत नेमकी उलटी ठरू शकते.

म्हणून त्या बाटलीबद्दल तुमच्या डॉक्टरांपाशी किंवा विक्रेत्यापाशी एवढं विचारा : आत नेमका कुठला पदार्थ आहे, तो माणसाच्या नाकात किती वेळ टिकतो हे मोजलंय का, किती माणसांवर तपासलाय, त्यांत फुफ्फुसाचे रुग्ण होते का, आणि त्याला औषध म्हणून मान्यता आहे की नुसतं वैद्यकीय साधन म्हणून. अनेक देशांत ‘अडसर’ तयार करणारे फवारे साधन म्हणून विकता येतात आणि त्यांना औषधाइतका पुरावा द्यावा लागत नाही. बाबांना कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर कायटोसानचं नाव दिसताच आधी डॉक्टरांशी बोला. या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर बाटली तिथेच ठेवा.

आता घरी करायचं काय. बाबांची फ्लूची लस दर वर्षी, वेळेवर. कोविडची आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची) लस घ्यायची राहिली असेल तर डॉक्टरांशी बोलून तीही. आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरची लस ६० वर्षांवरच्यांसाठी २०२३ पासून आली आहे. तुमच्याकडे मिळत असेल तर सीओपीडीच्या रुग्णाने जरूर विचारावी. सुईचा कंटाळा मला समजतो. तीन वेळा दवाखान्यात पडून राहिलेल्या माणसाचे दोन्ही हात टोचून टोचून निळे झालेले मी पाहिले आहेत, आणि ‘आता पुरे’ म्हणण्यात त्यांची काही चूक नाही. त्यांना एवढंच सांगा, की लसीची सुई एकदाच टोचते. दवाखान्यातली सलाईनची सुई दिवसभर हातात राहते.

आणि मुलाचं काय? तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोठी फट दिसली ती इथे. लशीचा विचार फक्त बाबांसाठी चाललाय, सर्दी मात्र घरात नातवाबरोबर येते. फ्लूची नाकात फवारायची लस आहे. २००३ मध्ये ती पहिल्यांदा मान्य झाली, आणि २ ते ४९ वर्षांच्या निरोगी व्यक्तींसाठी आहे. बाबांना ती चालणार नाही, पण तुमच्या मुलाला बिनसुईची लस मिळू शकते. मुलाला दमा असेल, किंवा घरात कुणाची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण तिच्यात दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. ती नसेल तर साधी टोचायची लस. दोन्हींपैकी काहीही झालं तरी चालेल, पण मुलाची लस व्हायला हवी.

मिठाच्या पाण्याचा फवारा घरात ठेवा, बाबांसाठीही आणि मुलासाठीही. मुलगा शिंकायला लागला की दोघांनीही सुरू करावा. तयार मिळतो तो चांगला. घरी करायचा तर पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं कधीही नको. बाबांना मारायची पद्धत शिकवा. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे नळीचं टोक आपोआप मधल्या पडद्यापासून बाहेर, कानाच्या दिशेला वळतं. दाबताना हलकाच श्वास घ्यायचा. जोरात हुंगलं की सगळं सरळ घशात जातं. नाक मोकळं करणारे औषधी फवारे वेगळे; ते थोडे दिवसच, डॉक्टरांनी सांगितलं तरच. जास्त दिवस मारले तर नाक उलट जास्त चोंदतं.

सर्दी बाबांपर्यंत पोचलीच तर वाट बघत बसू नका. फ्लूवरची गोळी लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतली तर जास्त गुण येतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच फोन करा, चौथ्या दिवशी नको. कफाचा रंग बदलून पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा जास्त पंप लागायला लागला, एक वाक्य पुरं बोलताना मधे श्वास घ्यावा लागला, ओठ निळसर दिसले किंवा ते गुंगीत वाटले, तर थेट दवाखाना. तुमच्या डॉक्टरांकडून आजच एका कागदावर लिहून घ्या : काय झालं तर कुठली गोळी, किती, आणि कुठल्या क्षणी निघायचं. तो कागद पंपाशेजारी लावा.

राहिला नातू. ताई, त्याला आजोबांपासून तोडू नका. तो बरा असताना खुशाल कुशीत बसू दे, बाहेरून आल्यावर हात-तोंड साबणाने धुतले की झालं. नाक वाहतंय, खोकतोय अशा दिवसांत खिडक्या उघड्या, दोघांच्या तोंडावर मास्क, आणि दोघांच्या खुर्च्यांत खोलीभर अंतर. एवढ्या अंतरावरून पत्ते खेळता येत नाहीत, पण पुस्तक मोठ्याने वाचता येतं. शक्य असेल तर त्याला सॅकरिनचा तो प्रयोग गोष्टीसारखा सांगा. नाकातून सरकत जाणारा पट्टा नऊ वर्षांच्या मुलाला लगेच कळतो, आणि आपण शिंकलो तर आजोबांच्या पट्ट्यावर काय जाऊन पडतं, हेही. मग मास्क त्याचा तोच लावेल.